गिऱ्हाईक म्हणतं, पूलमध्ये मीठ टाका. तुम्ही काय म्हणाल?

स्विमिंग पूलच्या देखभालीचा व्यवसाय कसा सुरू करायचा, यावरचा व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल तर हा लेख त्याची पुढची पायरी समजा. पाहिला नसेल तरी हरकत नाही, इथे सगळं पहिल्यापासून सांगतो. विषय एकच आहे. क्लोरीनवर चालणाऱ्या पूलमध्ये, पोहणाऱ्यांना बरं वाटावं म्हणून मीठ टाकायचं का? टाकायचं तर किती, आणि कुठे अजिबात टाकायचं नाही?

विषय बारीक वाटेल. पण नाशिकच्या आजूबाजूला बघा. गंगापूर धरणाचा परिसर, गिरणारे, त्र्यंबक रोड, दिंडोरी, इगतपुरी. फार्महाऊस, व्हिला, कृषी पर्यटन केंद्रं, वायनरीच्या आसपासचे स्टे. जिथे मुंबई-पुण्याचा पाहुणा येतो तिथे पूल आलाच. पूल बांधून देणारे भेटतात, पण तो महिनोन्‌महिने नीट सांभाळणारा माणूस शोधावा लागतो. तिथे तुमच्यासारख्या नव्या माणसाला जागा आहे. आणि मार्च ते मे या तीन महिन्यांत मालकाचा फोन येतोच: "दादा, गेस्टचे डोळे चुरचुरतात, अंग कोरडं पडतं म्हणतात. मीठ टाकलं की पाणी मऊ होतं असं ऐकलंय. दोन गोण्या टाकून द्या ना."

या फोनला तुम्ही काय उत्तर देता, त्यावर ते काम तुमच्याकडे पुढच्या वर्षी राहतं की नाही हे ठरतं. मिठाची गोणी विकणं सोपं आहे. गोणी टाकूनही डोळे चुरचुरत राहिले तर मात्र मालक मिठाला नाही, तुम्हाला बोलणार.

आधी एक गोंधळ दूर करू. "सॉल्ट पूल" म्हणून जे ओळखलं जातं ते वेगळं आणि आपण बोलतोय ते वेगळं. सॉल्ट पूलमध्ये पाइपलाइनवर एक यंत्र बसवलेलं असतं, त्याला सॉल्ट क्लोरिनेटर म्हणतात. साधारण ३,००० ते ३,५०० पीपीएम मीठ असलेलं पाणी त्याच्या सेलमधल्या प्लेट्समधून जातं, वीज लागते आणि मिठातूनच क्लोरीन तयार होतो. म्हणजे सॉल्ट पूलसुद्धा क्लोरीनचाच पूल आहे. फक्त क्लोरीन कॅनमधून येत नाही, जागेवर बनतो. ऑस्ट्रेलियात घरोघरी ही पद्धत आहे. "आमच्याकडे क्लोरीन नाही, मिठाचं पाणी आहे" अशी जाहिरात कोणी करत असेल तर ती अर्धवट माहितीची आहे. तुम्ही तशी करू नका.

आपला मालक यंत्राबद्दल बोलत नाहीये. त्याचा क्लोरीन नेहमीसारखाच चालू राहणार, लिक्विडचा, पावडरचा नाहीतर टॅब्लेटचा. त्याला मीठ हवंय ते फक्त पाण्याचा स्पर्श सुधारायला. साधारण १,००० ते २,००० पीपीएम इतकं. एवढ्या मिठाने जंतू मरत नाहीत, शेवाळ थांबत नाही, क्लोरीनचा एक थेंबही कमी करता येत नाही. हे मालकाला पहिल्याच फोनवर सांगा, कारण "मीठ टाकलंय, आता क्लोरीन कमी टाका" हे वाक्य पुढच्या महिन्यात हमखास ऐकू येतं.

मग मिठाने बरं का वाटतं? दवाखान्यातली सलाईनची बाटली आठवा. तिच्यावर ०.९ टक्के लिहिलेलं असतं, म्हणजे एका लिटरला ९ ग्रॅम मीठ, म्हणजे ९,००० पीपीएम. आपलं रक्त, आपले अश्रू याच्या आसपास खारट असतात. साध्या गोड्या पाण्यात डोळे उघडले की बाहेरचं पाणी डोळ्याच्या वरच्या थरातल्या पेशींमध्ये शिरायला बघतं, त्या किंचित फुगतात आणि चुरचुर होते. पाणी थोडं खारट असेल तर हा फरक कमी होतो. अंगालाही पाणी जरा गुळगुळीत लागतं, त्वचा ओढल्यासारखी वाटत नाही. म्हणजे हा नुसता मनाचा खेळ नाही, त्यामागे कारण आहे.

पण आकडा बघा. अश्रू ९,००० वर, आपण देणार २,०००. म्हणजे पाव भागसुद्धा नाही. फरक पडतो, पण थोडा. "मग ९,००० करू" असं कोणी म्हणेल, तर त्यात पूलचं लोखंड, दगड, पंप सगळं पणाला लागेल आणि पाणी तोंडात गेलं की खारट लागेल. आणि जास्त मीठ म्हणजे जास्त आराम असंही नाही. अलिबागच्या समुद्रात डोळे उघडून पाहिलं असेल तर माहीत असेल. समुद्रात लिटरला साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं आणि तिथे डोळे झोंबतात ते उलट कारणाने.

डोळे चुरचुरण्याचं खरं कारण शोधा

बीबीएला असताना मार्केटिंगच्या तासाला गिऱ्हाइकाची गरज आणि गिऱ्हाइकाची मागणी यातला फरक शिकवला होता. परीक्षेपुरता पाठ केला. दुकानात बसल्यावर तो रोज समोर येतो. इथे मागणी आहे मिठाची. गरज आहे डोळे न चुरचुरण्याची. आणि दहातल्या बहुतेक पूलमध्ये डोळे चुरचुरतात ते मीठ कमी आहे म्हणून नाही. पीएच बिघडलाय किंवा क्लोरीन "मेलाय" म्हणून. तिथे मीठ टाकणं म्हणजे रोग म्हशीला आणि औषध पखालीला.

पहिल्यांदा पीएच मोजा. अश्रूंचा पीएच साधारण ७.४. पूल ७.२ ते ७.६ मध्ये ठेवला तर डोळ्यांना त्रास कमी. आपल्याकडे बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी अल्कलीकडे झुकलेलं असतं, पूलमध्ये हलत राहिलं की पीएच आणखी चढतो, ८ च्या पुढे जातो. यात दुहेरी नुकसान आहे. एक, डोळ्यांना ते पाणी झोंबतं. दोन, क्लोरीन कामच करत नाही. टॅब्लेटमधून येणारं स्टॅबिलायझर पाण्यात नसेल तर पीएच ७.५ ला टाकलेल्या क्लोरीनपैकी जवळपास निम्मा कामाच्या रूपात असतो, ८ ला जेमतेम पाव. मालक म्हणतो "एवढं क्लोरीन टाकतो तरी पाणी हिरवं", त्याचं उत्तर पुष्कळदा इथे असतं.

दुसरी गोष्ट वासाची. पूलच्या दारातच भपकन वास आला की लोक म्हणतात क्लोरीन जास्त झालाय. उलटं असतं. ताज्या, मोकळ्या क्लोरीनला फारसा वास नसतो. घाम, लघवी, अंगाची तेलं यांच्याशी क्लोरीन जोडला गेला की क्लोरामाइन बनतं आणि तो वास, ती डोळ्यांची जळजळ त्या क्लोरामाइनची असते. म्हणजे वास येणारा पूल हा क्लोरीन कमी पडलेला पूल आहे. मालक वास आला म्हणून क्लोरीन आणखी कमी करतो आणि प्रकरण वाढतं.

हे मोजायचं कसं? स्वस्तात मिळणारं पिवळ्या रंगाचं किट, ज्यात थेंब टाकले की पाणी पिवळं होतं, ते सगळा क्लोरीन एकत्र दाखवतं, कामाचा आणि मेलेला दोन्ही. तुम्हाला व्यवसाय करायचाय तर डीपीडीचं किट घ्या. त्यात आधी मोकळा क्लोरीन कळतो, मग एकूण. एकूणातून मोकळा वजा केला की जोडलेला उरतो. समजा एकूण ३ आणि मोकळा २ आला, तर १ पीपीएम जोडलेला आहे. हा आकडा ०.२ च्या आसपास किंवा त्याखाली असायला हवा. १ असेल तर पोहणाऱ्याचे डोळे लाल होणार, तुम्ही पूलमध्ये अख्खं मिठागर रिकामं केलंत तरी.

यावर उपाय म्हणजे शॉक डोस. जोडलेल्या क्लोरीनच्या दहापट मोकळा क्लोरीन एका दमात द्यायचा. १ पीपीएमसाठी १० पीपीएम. आपण एक नमुन्याचा पूल धरू, ३० फूट लांब, १५ फूट रुंद, सरासरी ४ फूट खोल. म्हणजे १,८०० घनफूट. एका घनफुटात २८.३ लिटर, म्हणजे साधारण ५१,००० लिटर पाणी. १० पीपीएम म्हणजे ५१० ग्रॅम क्लोरीन. १० टक्क्यांचा लिक्विड क्लोरीन असेल तर पाच लिटरच्या थोडं वर. संध्याकाळी सूर्य गेल्यावर द्या, कारण उन्हात क्लोरीन उडतो. पंप रात्रभर चालू, पूल बंद, आणि मोकळा क्लोरीन उतरून ३ च्या आसपास आल्याशिवाय कोणाला पाण्यात सोडू नका.

इथे जिवाशी संबंधित गोष्ट आहे, ती वाचून पुढे जा. पीएच उतरवायला आपण ॲसिड वापरतो. ॲसिड आणि क्लोरीन कधीही एका बादलीत, एका मगात, एकामागोमाग त्याच डब्यात नाही. विषारी वायू निघतो. टॅब्लेटचा क्लोरीन आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आले तर आग लागू शकते, स्फोटही होतो. दोन्ही वेगवेगळ्या कोरड्या जागी ठेवा, मापंही वेगळी. ॲसिड पाण्यात ओता, ॲसिडमध्ये पाणी नाही. कामाला ठेवलेल्या पोराला हे तोंडी सांगून सोडू नका. तुमच्यासमोर दोनदा करून घ्या, मग एकट्याला पाठवा.

पीएच जागेवर आला, जोडलेला क्लोरीन गेला की आठवडाभर थांबा. आणि दारावर पाटी लावायला सांगा: पाण्यात उतरण्याआधी शॉवर. फुकटातला उपाय आहे आणि क्लोरामाइन बनणं त्याने खरोखर कमी होतं. लेन्स घालून पोहणारे पाहुणे असतील तर त्यांना लेन्स काढायला सांगणं मालकाचं काम, मिठाचा त्याच्याशी काही संबंध नाही. एवढं करून बहुतेक ठिकाणी मिठाचा विषय आपोआप मिटतो.

आता खरंच मीठ टाकायचंय, तर

काही मालकांना तरीही हवं असतं. पाहुण्याला "आमचं पाणी मऊ आहे" हे जाणवलं पाहिजे, असं त्यांना वाटतं. वाटू द्या, त्यात गैर काही नाही. फक्त हिशोब करून टाका.

हिशोब इतका सोपा आहे की कॅल्क्युलेटर लागू नये. १,००० लिटरला १ ग्रॅम म्हणजे १ पीपीएम. म्हणजे १,००० लिटरला १ किलो म्हणजे १,००० पीपीएम. आपल्या ५१,००० लिटरच्या पूलला शून्यापासून २,००० पर्यंत न्यायचं तर १०२ किलो, दोन गोण्या. मालकाने फोनवर सांगितलेला आकडा बरोबर निघाला की!

निघाला नाही. कारण पूल शून्यावर नसतो.

हा मुद्दा बऱ्याच जणांना माहीत नसतो. तुम्ही लिक्विड क्लोरीन टाकता, तो आपलं काम करून संपतो तेव्हा मागे साधं मीठच उरतं. प्रत्येक १० पीपीएम क्लोरीनमागे साधारण १६ पीपीएम मीठ. उन्हाळ्यात रोज २ पीपीएम क्लोरीन लागत असेल तर महिन्याला जवळपास १०० पीपीएम मीठ तुम्ही न टाकता जमा होतंय. शिवाय बोअरच्या पाण्यातलं असतं ते वेगळं. म्हणजे वर्षभर पाणी न बदललेल्या पूलमध्ये आधीच हजाराच्या आसपास मीठ असू शकतं आणि मालकाला त्याचा पत्ता नसतो. असा पूल "मऊ" करायला वेगळं काही लागतच नाही. त्यावर दोन गोण्या ओतल्या की गेलं तीन हजारांवर.

तेव्हा आधी मोजा. मीठ मोजायच्या पट्ट्या मिळतात, त्या चांगल्या. आरओवाले वापरतात तो टीडीएस मीटरही अंदाजाला चालतो, पण तो बोअरचा जडपणा, कॅल्शियम, सगळंच मोजतो. म्हणून टीडीएसचा आकडा म्हणजे मीठ असं धरू नका. त्याचा उपयोग फरक बघायला. मीठ टाकण्याआधी किती आणि टाकून एक दिवसाने किती. पट्टीवर आधीच ६०० आलं तर २,००० साठी १,४०० हवं, म्हणजे ७१ किलो. त्यातलेही आधी ५० टाका, दुसऱ्या दिवशी मोजा, मग ठरवा. वाढवणं नेहमी हातात असतं, कमी करणं नसतं.

का नसतं, ते नीट समजून घ्या. ऊन लागून पाणी उडतं, मीठ उडत नाही. नाशिकच्या एप्रिल-मेच्या उन्हात पातळी रोज उतरते, तुम्ही बोअर चालू करून ती भरता, आणि त्या भरतीबरोबर आणखी क्षार येतात. मीठ पूलमधून जातं ते फक्त पाण्याबरोबर. बॅकवॉशने, गळतीने, पोरांच्या उड्यांनी, किंवा पावसाळ्यात पूल वाहून. टॅब्लेटमधून येणाऱ्या स्टॅबिलायझरची गोष्टही अशीच आहे. तोही साठत जातो आणि १०० पीपीएमच्या वर गेला की क्लोरीनला सुस्त करतो. दोन्हीवर उतारा एकच, पाणी काढून नवीन भरणं.

कोणतं मीठ? घरातलं नको. किराणा दुकानातलं मीठ आयोडीनयुक्त असतं आणि ते सुटं राहावं म्हणून त्यात वेगळं द्रव्य घातलेलं असतं. शेकडो किलोंच्या हिशोबात या गोष्टी पाण्याचा रंग बदलू शकतात, टाइल्सवर डाग पाडू शकतात. जाडं, मळकट खडे मीठही नको, त्यातली माती आणि लोह तुमच्या फिल्टरमध्ये येतं. कारखान्यांच्या वॉटर सॉफ्टनरला लागतं ते शुद्ध, कोरडं, बिनआयोडीनचं मीठ मागा. सातपूर-अंबडला केमिकल पुरवणाऱ्यांकडे ते असतं, कारण बॉयलर चालवणाऱ्यांना ते नेहमी लागतं. माल मुख्यतः गुजरातचा. गोणीवर काय लिहिलंय ते वाचून घ्या. आणि उरलेली अर्धी गोणी फार्महाऊसच्या स्वयंपाकघरात जाणार नाही याची काळजी घ्या. ते खाण्याचं मीठ नाही.

भाव मी मुद्दाम लिहीत नाही, दर महिन्याला बदलतो. एवढं खरं की मीठ हा या सगळ्यातला सर्वात स्वस्त भाग आहे. म्हणूनच ते बेहिशोबी टाकलं जातं.

टाकताना पंप चालू ठेवा, उथळ बाजूने कडेकडेने पसरून टाका, तळाशी ढीग राहिला तर ब्रशने हलवा. स्किमरमध्ये ओतू नका. पूर्ण विरघळेपर्यंत, म्हणजे एक दिवस, पूल बंद. मिठाने पीएच बदलत नाही, तरी दुसऱ्या दिवशी सगळं पुन्हा मोजून वहीत लिहा. एक प्रश्न हमखास येतो, बीपीवाल्यांना चालेल का? दोन हजारांच्या पाण्याचा मोठा घोट, समजा ५० मिली, चुकून पोटात गेला तर त्यात मीठ ०.१ ग्रॅम. जेवणातल्या लोणच्याची फोड याहून भारी.

नुकसान कुठे होतं

शिडी आणि रेलिंगपासून सुरुवात करा. "स्टेनलेस स्टील आहे, गंजत नाही" असं मालक म्हणेल. ३०४ ग्रेडचं असेल तर गंजतं, तपकिरी डाग पडायला लागतात. ३१६ जास्त टिकतं, पण तेही गोड्या पाण्याने धुवून पुसत राहावं लागतं. हीटर असेल तर त्यात तांब्याची नळी आहे का बघा. काठाला धोलपुरी, शहाबादी असा पाणी पिणारा दगड असेल तर उडालेलं खारं पाणी आत जाऊन वाळतं, आत मिठाचे खडे धरतात आणि दगडाचा पापुद्रा सुटतो. एका उन्हाळ्यात दिसत नाही, दोन-तीन वर्षांत दिसतो. खारं पाणी वीजही जास्त वाहून नेतं, म्हणून पाण्याखालचे दिवे, पंपाचं अर्थिंग आणि गळती झाली की वीज तोडणारा ब्रेकर इलेक्ट्रिशियनकडून तपासून घेतल्याशिवाय मीठ नाही. हा नियम मालकाने कितीही घाई केली तरी मोडू नका.

आणि आता ती गोष्ट, जी मुंबईच्या पूलवाल्याला विचारावी लागत नाही पण नाशिकच्या पूलवाल्याला लागते. बॅकवॉशचं पाणी कुठे जातं?

फिल्टर उलटा धुतला की एका वेळी साधारण ५०० लिटर पाणी बाहेर जातं. फार्महाऊसवर पाणी वाया जाऊ नये म्हणून ते पाइपने बागेत सोडलेलं असतं. आणि नाशिकमध्ये बाग म्हणजे पुष्कळदा द्राक्ष. पाण्यात २,००० पीपीएम मीठ असेल तर प्रत्येक बॅकवॉशला एक किलो मीठ त्या जमिनीत जातं. आठवड्याला एक धरला तरी महिन्याला चार किलो, त्याच एका कोपऱ्यात.

द्राक्षवाले पाण्याचा ईसी बघतात. जागतिक अन्न व कृषी संघटनेची एक जुनी, सर्वमान्य सारणी आहे. तिच्यानुसार सिंचनाच्या पाण्याचा ईसी १ पर्यंत असेल तर द्राक्षाचं उत्पन्न घटत नाही, १.७ ला दहा टक्के घटतं, २.७ ला पाव, आणि ४.५ ला निम्मं. आपल्या २,००० पीपीएमच्या पूलचा ईसी येतो चारच्या जवळ. हे पाणी वेलीला नियमित मिळालं तर पानांच्या कडा करपायला लागतात आणि शेतकरी आधी खताला, मग औषधाला दोष देत बसतो. आपल्याकडे डॉगरिजच्या खुंटावर द्राक्ष लावायला लागले त्यामागे खारं पाणी आणि पाण्याची ओढ हीच मोठी कारणं होती. ज्या जमिनीने आधीच एवढं सोसलंय, तिच्यात आपण पाहुण्याच्या आरामासाठी गोणी रिकामी करायची का, हा प्रश्न मालकाला विचारा. काळ्या भारी जमिनीत निचरा मंद असतो, मीठ तिथेच बसतं. शेजाऱ्याच्या बांधाकडे उतार असेल तर प्रकरण भांडणावर जातं, आणि तेव्हा "मीठ कोणी टाकलं?" या प्रश्नाला तुमचं नाव येतं.

म्हणून माझा नियम असा आहे. बॅकवॉश बागेत किंवा शेतात जात असेल आणि दुसरी वाट नसेल, तर आरामासाठीचं मीठ टाकायचं नाही. सांडपाण्याच्या लाइनला जोडणी असेल तर विचार करायचा. ओढ्या-नाल्यात सोडणं हा पर्यायच नाही, आपल्याकडे ते शेवटी गोदावरीला किंवा दारणेला जातं. आणि एखाद्या सोसायटीचा, क्लबचा किंवा शाळेचा पूल असेल, जिथे बाहेरचे लोक येतात, तर मानक ब्यूरोचं तरण तलावाच्या पाण्याचं मानक, आयएस ३३२८, वाचल्याशिवाय आणि व्यवस्थापनाची लेखी परवानगी घेतल्याशिवाय पाण्यात काहीही नवीन टाकायचं नाही.

हे काम विकायचं कसं

मी व्हिडिओत सांगतो तेच इथे. मीठ विकू नका, तपासणी विका. पहिल्या भेटीत पीएच, मोकळा क्लोरीन, एकूण क्लोरीन, स्टॅबिलायझर, मीठ आणि टीडीएस असे सहा आकडे काढा. शिडी, काठ, दिवे, बॅकवॉशची वाट यांचे मोबाइलवर फोटो घ्या. एका पानावर लिहून मालकाला द्या आणि या भेटीचे पैसे वेगळे लावा. फुकट तपासणी करणाऱ्याकडून लोक फक्त गोणी घेतात, सल्ला घेत नाहीत.

त्या पानाखाली तीन ओळी: आत्ता काय बिघडलंय, मी काय करणार, आठवड्याने काय मोजणार. मीठ यात येतच नाही. आठवड्याने डोळ्यांची तक्रार गेली असेल तर मालकाला सरळ सांगा की मीठ लागत नाही. दोन गोण्यांचा नफा जाईल. पण मासिक देखभालीचं काम मिळतं ते याच वाक्यावर, आणि तो मालक शेजारच्या फार्महाऊसवाल्याला तुमचा नंबर देतो. नाशिकच्या बाहेरच्या पट्ट्यात जाहिरात अशीच होते.

तरीही त्याला मीठ हवंच असेल तर वेगळं कोटेशन करा. त्यात लिहा: आत्ताचं मीठ किती, किती वाढवणार, किती किलो, कोणत्या प्रकारचं, क्लोरीन पूर्वीसारखाच लागणार, स्टील आणि दगडाची काळजी कोणाची, बॅकवॉश कुठे जाणार. खाली मालकाची सही. नवीन माणसाला हे कागद मागायला संकोच वाटतो. पण मालक बदलतो, मॅनेजर बदलतो, आणि दोन वर्षांनी शिडीवर डाग दिसले की फोन तुम्हालाच येतो.

कोणी यंत्रच बसवायचं म्हणालं तर तिथेही आधी दोन गोष्टी विचारा. वीज किती तास असते, आणि बोअर किती जड आहे. गावाच्या फीडरवर वीज गेली की सेल क्लोरीन बनवत नाही, म्हणून लिक्विडचा कॅन ठेवावाच लागतो. जड पाण्यात सेलच्या प्लेटवर पांढरा थर चढतो, तो साफ करायचं काम तुमच्या करारात येतं. त्याचे पैसे धरा.

शेवटचं, पावसाळ्याचं. वार्षिक करार करताना तालुका बघून आकडा काढा. इगतपुरीला वर्षाला सुमारे ३,००० मिलीमीटर पाऊस पडतो. चार फुटी पूलवर एवढं पाणी पडून वाहिलं की उन्हाळ्यात टाकलेल्या मिठातलं जेमतेम दहा टक्के उरतं. नाशिक शहरात पाऊस त्याच्या पाव भागाच्या आसपास, म्हणून इथे निम्म्याहून थोडं जास्त मीठ तसंच राहतं. दिवाळीचा सीझन सुरू व्हायच्या आधी एक भेट ठेवा, पट्टी बुडवा आणि आलेला आकडा वहीत जुन्या आकड्याच्या शेजारी लिहा. इगतपुरीच्या मालकाला तेव्हा पुन्हा विचारा, मीठ हवंय का. शहरातल्या मालकाला विचारूही नका.